गाण्यावरचा गुन्हा आणि मैफलीचे मौन

एप्रिल २०२३ मध्ये अंबरनाथच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात एका गाण्यावर गुन्हा दाखल झाला. गाणे राज मुंगासे या तरुण रॅपरचे. मुंगासे छत्रपती संभाजीनगरचा, गुन्हा ठाणे जिल्ह्यातला, मध्ये सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर. गाणे मोबाइलवरून घरोघर पोचले होते, त्यामुळे गुन्हाही कुठेही दाखल होऊ शकत होता; तो इथे झाला. तक्रार शिवसेनेतून फुटलेल्या एकनाथ शिंदे गटाच्या युवासेनेकडून आली. गाण्यात चोर होते, पन्नास खोके होते, नाव मात्र कोणाचेच नव्हते. कलमे लागली ५०१, ५०४ आणि ५०५(२). म्हणजे बदनामीकारक मजकूर छापणे, शांतता बिघडावी म्हणून मुद्दाम अपमान करणे आणि समाजातल्या गटागटांत वैर पेरणे.

फुटून गेलेल्या आमदारांनी पन्नास कोटी घेतल्याचा आरोप करणारे ‘पन्नास खोके’ हे शब्द मुंगासेने घडवलेले नव्हते. ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनीच ती घोषणा गाजवली होती. महाराष्ट्रभर कॅमेऱ्यांनी ती दाखवली. आमदारांच्या तोंडी ती राजकारणाचा भाग होती. एका पोराने ती ठेक्यात म्हटली तेव्हा ती पोलिसांचा विषय झाली. त्याच महिन्यात मुंबईत वडाळ्याच्या उमेश खाडे या रॅपरवरही जनतेच्या हलाखीबद्दलच्या गाण्यावरून वडाळा टी. टी. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली हा पट्टा गाण्याच्या बाबतीत दरिद्री नाही. कल्याण गायन समाज १९२६ पासून उभा आहे. ठाण्यात महापालिका दरवर्षी संगीतभूषण पं. राम मराठे यांच्या नावाने महोत्सव भरवते. जनकवी पी. सावळाराम याच शहराचे नगराध्यक्ष होते. गडकरी रंगायतन, आचार्य अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले कलामंदिर ही नावे इथल्या प्रत्येक सुशिक्षित घरात ठाऊक आहेत. तरीही गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात गाण्यावरून जो काही सार्वजनिक वाद झाला, त्यात या संस्था, ही सभागृहे आणि त्यांत गाणारी नामवंत मंडळी कुठेच दिसली नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे: समाजाबद्दल बोलणाऱ्या गाण्याचा सगळा भार आपण अशा लोकांवर टाकला आहे, ज्यांच्या पाठीशी सर्वांत कमी आधार आहे. ज्यांच्याजवळ मंच, मान आणि माणसे आहेत, ती संगीतसृष्टी गप्प आहे. या मौनाची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते. बोलणारा एकटा पडतो, आणि न बोलणाऱ्याच्या गाण्यातून आसपासचे जगणे हळूहळू निघून जाते.

बोलत्या गाण्याची वाट

सत्तेला प्रश्न विचारणारे गाणे ही मराठीत मोबाइलबरोबर आलेली गोष्ट नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, तो राजाला शूद्रातिशूद्रांच्या बाजूने उभा करण्यासाठी. सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरले. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले, आणि भाषणाला न येणारी माणसे जलशाला येऊन बसू लागली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा अण्णाभाऊंनी त्याच घाटाला लोकनाट्य म्हणून उभे केले. बंदी तमाशावर होती. अण्णाभाऊंनी फड मोडू दिला नाही.

या परंपरेत ठाणे जिल्ह्याचा वाटाही आहे. १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात. गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. ठाण्याला खेटून असलेल्या मुलुंडमध्ये विलास घोगरे राहत. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबार झाला, आणि त्यानंतर काही दिवसांतच या शाहिराने आपले आयुष्य संपवले. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट घोगऱ्यांपासून सुरू होतो आणि पुण्याच्या कबीर कला मंचाच्या तरुण गायकांपर्यंत येतो. त्या मंचातल्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनासमोर स्वतःहून अटक करवून घेतली. माळी यांना जामीन मिळाला तो जानेवारी २०१७ मध्ये, थेट सर्वोच्च न्यायालयातून. मधली साडेतीन वर्षांहून जास्त मुदत तुरुंगात गेली.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातला वृद्ध शाहीर याच वाटेवरचा. त्याच्यावर आरोप असा, की त्याच्या गाण्यामुळे एका गटार-सफाई कामगाराने जीव दिला. वीरा साथीदार यांनी तो शाहीर उभा केला, संगीत संभाजी भगतांचे. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परदेशात मान मिळाला, आणि ठाण्या-मुंबईतल्या प्रेक्षकांनी त्याचे मनापासून कौतुक केले. त्यातला शाहीर आपल्या शहरात गायला आला, तर त्याला तारीख कोणत्या सभागृहात मिळेल, हा प्रश्न त्या कौतुकात कोणी विचारला नाही.

आधार किती, त्यावर किंमत

गाण्याबद्दल किंवा थट्टेबद्दल कोणाला काय भोगावे लागले, हे एकापुढे एक मांडून पाहिले की एक उतरंड दिसते. २०१७ च्या पावसाळ्यात रेडिओ निवेदिका मलिष्का हिने मुंबईच्या खड्ड्यांवर एक विडंबनगीत केले. शिवसेनेच्या नगरसेवकांनी ५०० कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली, महापालिकेने तिच्या घरात डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस दिली. त्रास झाला, पण तिच्यामागे रेडिओ केंद्र होते आणि शहरातला मध्यमवर्ग होता. प्रकरण तिथेच विरले.

मार्च २०२५ मध्ये विनोदकार कुणाल कामराने एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर विडंबन म्हटले. त्यात ठाण्याचा आणि रिक्षाचा उल्लेख होता, रोख एकनाथ शिंदे यांच्याकडे होता. खारमधल्या ज्या जागेत तो कार्यक्रम चित्रित झाला, तिची शिवसैनिकांनी मोडतोड केली, गुन्हे दाखल झाले. कामरा तमिळनाडूत राहतो. मद्रास उच्च न्यायालयाने त्याला अटकेपासून तात्पुरते संरक्षण दिले, आणि २५ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका दाखल करून घेत त्याला अटक करू नये असे बजावले. त्याच्याकडे वकील होते, देशभरचा प्रेक्षक होता. तोडफोड सोसावी लागली ती मात्र सभागृह चालवणाऱ्याला. पुढच्या वेळी असा कार्यक्रम घ्यायचा की नाही, याचा विचार आता प्रत्येक लहान सभागृहाचा मालक करणार.

या उतरंडीच्या तळाशी मुंगासे, खाडे आणि त्यांच्याही खाली कबीर कला मंचाची पोरे आहेत. गाणाऱ्याचा पैसा, ओळख आणि जात यांचे पाठबळ जितके कमी, तितके कलम जड.

हे एकाच पक्षाचे पाप आहे असे कोणी समजू नये. मे २०२२ मध्ये राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते. शरद पवारांवरचे दुसऱ्याने लिहिलेले एक पद्य फेसबुकवर टाकले म्हणून अभिनेत्री केतकी चितळे यांच्यावर ठाण्यात कळवा पोलिसांत आणि मग राज्यभर ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले. त्यांना महिन्याहून अधिक काळ कोठडीत आणि ठाण्याच्या तुरुंगात काढावा लागला. ते पद्य मला असभ्य वाटले. आजारी माणसाच्या शरीरावर केलेली ती शेरेबाजी होती. पण असभ्यपणासाठी महिनाभर तुरुंग, ही शिक्षा कोणत्याच कायद्यात लिहिलेली नाही. त्या वेळी जे गप्प बसले ते वर्षभराने मुंगासेच्या बाजूने बोलले, आणि त्या वेळी जे बोलले ते मुंगासेच्या वेळी गप्प बसले. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आपल्याकडे असे पक्षवार वाटले गेले आहे.

मंचाचा धनी

कलाकाराला गप्प बसवायला गुन्हा लागतोच असे नाही. या पट्ट्यात त्याहून परिणामकारक साधन आहे ते म्हणजे निमंत्रण.

दिवाळी पहाट घ्या. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी, राम मारुती रस्त्यावर, डोंबिवलीत फडके रस्त्यावर त्या दिवशी सकाळी जी तरुणाई लोटते, ती पाहून कोणालाही बरे वाटेल. मंच मोठा, ध्वनियंत्रणा उत्तम, गायक नामवंत, प्रवेश विनामूल्य. फलकावर गायकाच्या फोटोपेक्षा मोठा फोटो ज्यांचा असतो, तेच त्या सकाळचे खरे यजमान. शिवसेना फुटल्यावर २०२२ मध्ये मासुंदा तलावाकाठची दिवाळी पहाट कोणी करायची यावर दोन गटांत वाद झाला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. गाण्याच्या एका सकाळसाठी कोर्टाची पायरी चढली गेली, ती मंच कोणाचा हे ठरवण्यासाठी. त्या मंचावर काय गायले जावे, याबद्दल दोन्ही गटांचे एकमत होते: जे दरवर्षी गायले जाते तेच.

अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरात खासदारांच्या पुढाकाराने कलामहोत्सव होतो, देशातले मोठे कलावंत तिथे येऊन जातात. दहीहंडी, नवरात्र, गुढीपाडव्याची शोभायात्रा, वर्धापनदिन, वाढदिवस, प्रत्येकाला वाद्यवृंद लागतो. शोभायात्रेची प्रथा तर गेल्या शतकाच्या अखेरीस डोंबिवलीतूनच सुरू झाली आणि महाराष्ट्रभर गेली. या कार्यक्रमांवर शेकडो वादक, गायक, निवेदक, ध्वनियोजक यांची घरे चालतात. तबलजीला वर्षातून ज्या बिदाग्या मिळतात त्यांतल्या बऱ्याचशा अशा मंचांवरून येतात. तो गप्प बसतो यात त्याचा भेकडपणा शोधणे अन्यायाचे होईल. त्याला कोणी धमकावलेले नसते. एवढेच ठाऊक असते की नाव वगळले गेले तर कारण कोणी सांगणार नाही. गुन्ह्याविरुद्ध कोर्टात जाता येते. न आलेल्या निमंत्रणाविरुद्ध कुठे जायचे?

यात प्रेक्षक म्हणून आपलाही हात आहे. आपल्याला गाणे फुकट हवे असते. जे आपण तिकीट काढून ऐकत नाही, त्याचे पैसे कोणीतरी दुसरा देतो, आणि पैसे देणाऱ्याची मर्जी गाण्यात उतरते. राजाश्रय गेला असे आपण म्हणतो. तो इथे वॉर्डावॉर्डात पुन्हा उभा राहिला आहे.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडली. कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून काही वर्षे लोकांनी निवडलेले नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. खड्डा, पाणी, कचरा याबद्दल कोणाच्या दारात जावे हे माणसांना कळत नव्हते. महापालिकेचे सभागृह बंद असताना प्रश्न विचारायची जागा रील आणि रॅप यांनी घेतली तर त्यात नवल नाही. ज्या गाण्यांना आपण उर्मट म्हणतो, त्यांतली बरीचशी चांगल्या दिवसांत नगरसेवकाच्या दारात मांडली गेलेली गाऱ्हाणी आहेत.

आवाज चालतो, शब्द खटकतो

ठाण्यातले एक डॉक्टर, महेश बेडेकर, उत्सवांतल्या कर्णकर्कश आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला की ध्वनिक्षेपक लावणे हा कोणाचा मूलभूत अधिकार होत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा नियमांत २००० सालापासून आहे. निकालानंतर वर्षभराने राज्य सरकारने ओक यांच्यावरच पक्षपाताचा आरोप केला, प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे गेले, वकिलांनी निषेध केला आणि ते परत त्यांच्याकडे आले. मर्यादा कागदावर आजही आहे. गणपतीच्या मिरवणुकीत छातीत धडधड उठवणारे ढोल आणि डीजे कोणीही जाऊन ऐकावेत.

अभय ओक यांनी वकिली सुरू केली ती १९८३ साली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या कार्यालयातून. तेच ओक सर्वोच्च न्यायालयात असताना, २८ मार्च २०२५ रोजी, कामराच्या गाण्यावरून गदारोळ चालू असतानाच, त्यांनी आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा रद्द केला. त्या निकालातला मुख्य मुद्दा प्रत्येक पोलीस ठाण्यात लावून ठेवावा असा आहे. शब्दांचा परिणाम मोजताना कणखर, विचारी, धीराच्या माणसाचे माप धरावे. ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो, त्याचे नव्हे. हे माप आपल्याच मातीतले. १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ते भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात घालून दिले होते. ओक यांच्या निकालाने आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली आणि त्या गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतली असली, तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) कलमाखाली आधी प्राथमिक चौकशी करणे उचित; लगेच गुन्हा दाखल करायची घाई नको.

मुंगासेवर लागलेले ५०५(२) घ्या. बिलाल अहमद कालू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगितले आहे की या कलमासाठी निदान दोन समाजगट हवेत, ज्यांच्यात वैर पेरले जाईल. पक्ष बदललेले आमदार हा असा गट, आणि त्यांच्यावर चिडलेला मतदार हा दुसरा, असे मानायचे झाले तर निवडणूकच गुन्हा ठरेल.

कायद्याची ही सगळी सोय या पट्ट्याच्या ओळखीची आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द झाले. त्या याचिकेला कारण ठरली २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक मजकुरावरून झालेली अटक. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे देशाला बोलण्याचे स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या दोन मोठ्या निकालांचे धागे याच जिल्ह्यातून गेले आहेत, आणि गाण्यावरचे गुन्हेही याच जिल्ह्यात नोंदले जात आहेत. वरची न्यायालये बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या बाजूने उभी राहिली. पण तिथवर पोचायला वकील, पैसा आणि वेळ लागतो. हवालदार दारात आला की घरातली आई घाबरते, पोराला गाव सोडायला सांगते, फोन बंद करायला लावते. खटला सुटायच्या कितीतरी आधी शिक्षा भोगून झालेली असते.

गाणे म्हणून काय?

गाणाऱ्याच्या हक्कासाठी भांडणे आणि त्याच्या गाण्याची परीक्षा करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले न करता दुसरे करणारा समीक्षक पोलिसाचा मदतनीस होतो. पहिले करून दुसरे टाळणारा गाण्यावर अन्याय करतो.

मुंगासेच्या रॅपचे बळ त्याच्या पालुपदात आहे. चोर आल्याची वर्दी प्रत्येक फेऱ्यात परत येते, तिचा आघात टाळीवर पडतो, आणि दुसऱ्यांदा ऐकणारा ती स्वतःच म्हणू लागतो. पोवाड्यातला झीलकरी जे काम करतो तेच इथे ऐकणाऱ्याकडून करवून घेतले जाते. दुबळेपणा असा की गाणे विरोधी पक्षांनी बाजारात आणलेल्या घोषणेवर उभे आहे. ती घोषणा शिळी झाली की गाणेही शिळे होईल. अण्णाभाऊंची मैनेवरची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जन्मली, तो लढा संपून साठ वर्षे उलटली, तरी ती गायली जाते. कारण तीत गिरणी कामगाराची गावाकडे राहिलेली बायको आहे, तिची आठवण आहे, आणि त्या विरहातूनच तुटलेल्या मुलखाचे दुःख वर येते. मागणी विरून गेली, माणूस राहिला.

कामराचे विडंबन कारागीर म्हणून साधे आहे. चाल उसनी, शब्द चपखल बसवलेले. उसन्या चालीला कमी लेखण्याचे कारण नाही; आंबेडकरी गीतांनी सिनेमाच्या चाली उचलून त्यांना वस्तीचे केले, आणि कल्याण-उल्हासनगरच्या वस्त्यांत १४ एप्रिलला आजही तेच चालते. मात्र वस्तीतला शाहीर उसन्या चालीत स्वतःच्या माणसांचा इतिहास भरतो. विडंबनकार तीत एका दिवसाचा राग भरतो, म्हणून ते एका हशात संपते.

मला गेल्या काही वर्षांतले सर्वांत जमलेले उदाहरण ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅपगटाचे वाटते. आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांच्यासोबत त्यांनी वारली उठावाच्या नावाने गाणे केले. जंगल तोडून होणाऱ्या विकासाबद्दल त्यात राग आहे, पण तो वारली लयीत आणि वारली तोंडून येतो. रॅपर त्या आवाजाला जागा करून देतो, त्याच्या जागी स्वतः बसत नाही. जुनी लय आणि नवी पठणशैली एकमेकांना सावरून घेतात. त्या गाण्याला एखादी जुनी घोषणा तारून नेत नाही. ज्यांच्या जमिनीबद्दल ते बोलते, ती माणसेच त्यात गातात.

मैफलीतून उठलेला आवाज

शास्त्रीय संगीतातल्या माणसाने समाजावर बोलावे का, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे: स्वर पवित्र, त्यात राजकारण आणू नये. चेन्नईच्या टी. एम. कृष्णा या कर्नाटक संगीतातल्या गायकाने हे उत्तर मानले नाही. मैफल ठरावीक जातीच्या हाती का राहिली, हे त्याने उघड विचारले. २०१५ मध्ये चेन्नईच्या मार्गळी महिन्यातल्या प्रतिष्ठेच्या मोसमात गाणे सोडले, कोळ्यांच्या वस्तीत संगीतोत्सव भरवला. २०१६ मध्ये त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये दिल्लीतला त्याचा कार्यक्रम आयोजकांनी ऐनवेळी मागे घेतला. दिल्ली सरकारने त्याला दुसरा मंच दिला. २०२४ मध्ये त्याला संगीत कलानिधी हा सन्मान जाहीर झाल्यावर काही गायकांनी तो देणाऱ्या संस्थेच्या त्या वर्षीच्या परिषदेवर बहिष्कार टाकला. त्याची सगळी मते मला पटतातच असे नाही. पण गायकाने त्याचे वजन कुठे वापरावे, हे तो दाखवून देतो.

त्याची दोन कामे आपल्या पट्ट्याने जवळून पाहावीत. एक, मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर त्याने लिहिलेले पुस्तक. ज्या कातड्यावर पवित्र ताल वाजतो, ते कमावणारे हात मैफलीत कधीच आले नाहीत, हे त्यात मांडले आहे. २०२० मध्ये एका नामवंत कलासंस्थेने त्याच्या प्रकाशनाला दिलेली जागा परत घेतली. डोंबिवलीत गल्लीगल्लीत तबल्याचे वर्ग आहेत. मुलांना चाट, मैदान, शाई, गजरा, वादी ही नावे पाठ असतात. बकऱ्याचे कातडे ताणून पुडी कोण बसवतो, वाद्या कोण ओढतो, शाईचे थर घोटून घोटून कोण चढवतो, हे त्या मुलांना कोणी सांगत नाही. वर्षातून एकदा त्या कारागिराला वर्गात बोलावले, त्याच्या समोर पुडी बदलताना मुलांना बसवले, तर जातीबद्दल शंभर भाषणांपेक्षा जास्त शिकवले जाईल.

दुसरे, चेन्नईजवळच्या एन्नोरच्या खाडीवरचे गाणे. २०१७ मध्ये कबेर वासुकी यांनी लिहिलेले तमिळ शब्द कृष्णाने कर्नाटक रागांत गायले, औष्णिक वीज केंद्राच्या राखेने भरलेल्या खाडीत उभे राहून. ज्या रागांत देवाला आळवतात त्याच रागांत त्याने सार्वजनिक जमिनीचा हिशोब मागितला. आपल्याकडे विषयांची कमी आहे का? अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, वालधुनीच्या काठचे. ती वालधुनी आज कारखान्यांचे सांडपाणी वाहते. डोंबिवलीत २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये औद्योगिक भागातला रस्ता गुलाबी झाला. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसे गेली, घरांच्या काचा फुटल्या. त्याच घरांतून मुले संध्याकाळी गायनाच्या वर्गाला जातात. ज्या शहरात इतके गायक, इतके संगीतकार, इतके कवी राहतात, त्या शहराने आपल्या हवेवर एक बंदिश बांधू नये, याचे मला दुःख होते. ती बंदिश बांधायला कोणावर टीका करायची गरजही नाही. फक्त खिडकीबाहेर जे आहे ते स्वरात घ्यायचे.

काय करता येईल

महापालिकेची नाट्यगृहे करदात्याच्या पैशांवर चालतात. कार्यक्रमातला मजकूर कायद्याच्या चौकटीत असेल तर मजकुराच्या कारणावरून तारीख रद्द होणार नाही, आणि झाली तर कारण लेखी द्यावे लागेल, असा नियम ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी करावा. बाहेर कोणी दंगा करतो म्हणून आत गाणाऱ्याचा कार्यक्रम थांबवण्याऐवजी पोलिसांनी दंगा करणाऱ्याला थांबवावे. तक्रार आली तर १७३(३) खाली आधी चौकशी करावी, आणि गाणारा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर इथे गुन्हा का, हे तक्रारदाराला विचारावे. २०२५ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातल्या व्याख्या इतक्या सैल आहेत की कलावंतांच्या बाबतीत ही काळजी आता अधिकच घ्यायला हवी.

संगीत संस्थांचे काम याहून सोपे आणि याहून महत्त्वाचे. राम मराठे महोत्सवात किंवा गायन समाजाच्या वार्षिक बैठकीत एक संध्याकाळ शाहिराला आणि रॅपरला द्या. ज्येष्ठ गायकाने त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत बसावे. गुन्हा दाखल झालेल्या एखाद्या पोराच्या जामिनासाठी चार नामवंतांनी सही करावी, त्याचे गाणे आवडो न आवडो. एवढ्याने त्याच्या गाण्याची धार कमी होणार नाही, पण त्याच्याकडे पाहण्याची पोलिसाची नजर नक्की बदलेल. आणि आपण रसिकांनी वर्षातून निदान एका कार्यक्रमाचे तिकीट काढावे, ज्याच्या फलकावर कोणत्याही पुढाऱ्याचा फोटो नसेल.

मुंगासेचे गाणे कच्चे आहे, केतकी चितळेंनी टाकलेले पद्य असभ्य होते, कामराचे विडंबन उथळ होते. हे मी मोकळेपणाने लिहू शकतो, कारण समीक्षा हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे. मात्र तिघांपैकी कोणावर खटला चालू असेल तोवर माझ्या या शेऱ्यांची किंमत कमी होते, कारण उत्तर देणाऱ्याचे तोंड बांधलेले असते. कच्चे गाणे गायला मिळाले तरच पुढचे पिकते. अण्णाभाऊंच्या आधी शेकडो जलसेकार गायले, त्यांतले बहुतेक आज कोणाला आठवत नाहीत, पण त्यांनी केलेल्या वाटेवरूनच अण्णाभाऊ आले. या पट्ट्यातून उद्या असा एखादा गायक यायचा असेल, तर आज गाणाऱ्या दहा कच्च्या पोरांना पोलीस ठाण्याऐवजी मंच मिळाला पाहिजे, आणि तो देण्याची ताकद ज्यांच्याजवळ आहे त्यांनी तो मागायची वाट न पाहता द्यावा.